मुक्काम आणि भाकरी : सीमेवरील देशधर्माचा विचार

माणसाचा धर्म तो राहतो त्या भूमीशी बांधलेला असतो की तो राबतो त्या भूमीशी, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेत जुना आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेला मात्र तो रोजच्या जगण्याचा भाग आहे. निपाणी, कोगनोळी, बोरगाव, मांगूर, कारदगा ही गावे बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटक राज्यात आहेत, आणि तेथील अनेक कामगार दुचाकीला जेवणाचा डबा अडकवून महाराष्ट्रातील गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडे, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे निघतात आणि पाळी सुटली की पुन्हा सीमा ओलांडून घरी जातात. त्यांचा मुक्काम एका राज्यात आणि भाकरी दुसऱ्या राज्यात आहे.

देशधर्म म्हणजे एखाद्या प्रदेशात परंपरेने चालत आलेले आणि तेथील लोकांवर बंधनकारक मानले गेलेले आचार. या कल्पनेचे ठाशीव रूप बौधायन धर्मसूत्रात आढळते. दक्षिणेकडील पाच आणि उत्तरेकडील पाच वादग्रस्त आचार सांगून (शिळे अन्न खाणे आणि मामाच्या मुलीशी लग्न करणे हे त्यांपैकी दक्षिणेचे) बौधायन म्हणतो की ज्या देशाचा आचार त्या देशात पाळला तर दोष नाही, दुसरीकडे पाळला तर दोष आहे. धर्मसूत्रकार गौतमाला हे मत मान्य नाही, हेही बौधायन तेथेच नोंदवतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत कागलच्या बाजूला आणि निपाणीच्या बाजूला सारखीच रुजलेली आहे, तेव्हा बौधायनाला अभिप्रेत असलेला देश आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने आखलेले राज्य या दोन गोष्टी एक नव्हेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

ही रेषा १९५६ साली अगदी कोऱ्या जागेवर उमटली, असेही नाही. कागल ही कोल्हापूर संस्थानातील घाटग्यांची जहागीर होती, तर निपाणी ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ही दोन्ही गावे एका छत्राखाली आली, आणि आठ वर्षांच्या आतच निपाणी म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेली. पुढे सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, असा हा महाराष्ट्र-कर्नाटक वाद चालूच राहिला. गाव कोणाचे, हा त्या वादाचा प्रश्न आहे आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा आहे. पण गाव एकीकडे आणि काम दुसरीकडे असलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न गावाचा निकाल काहीही लागला तरी उरतो, कारण रेषा कोठेही सरकवली तरी तिच्या दोन्ही बाजूंना वस्ती आणि रोजगार असणारच.

धर्मशास्त्रात या माणसाला प्रतिकूल असा एक प्रवाह आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आरट्ट, पुंड्र, सौवीर, वंग, कलिंग अशा देशांत जाऊन आलेल्याला बौधायनाने प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि नंतरच्या काळात प्रसिद्ध झालेल्या एका वचनाने अंग, वंग, कलिंग, सौराष्ट्र, मगध या देशांत तीर्थयात्रेवाचून जाणाऱ्यावर पुन्हा संस्कार करावेत असे म्हटले आहे. येथे देश हा स्पर्शासारखा मानला आहे: तेथे पाय ठेवला की तो लागतो. यात्रेकरूला मिळालेली सूट पोटासाठी जाणाऱ्याला मिळालेली नाही, आणि हीच या विचाराची खरी उणीव आहे. कारण घरातल्या चार तोंडांत घास पडावा म्हणून शीव ओलांडणाऱ्याचा हेतू पुण्यासाठी शीव ओलांडणाऱ्याच्या हेतूपेक्षा हलका ठरवायला कोणताही सबळ आधार दिसत नाही.

याच्या उलट टोकाला पूर्वमीमांसा उभी आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे नियम सांगणाऱ्या या दर्शनाच्या जैमिनीकृत सूत्रांत, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, ‘होलाकाधिकरण’ नावाचे प्रकरण आहे. अधिकरण म्हणजे एका शंकेची पूर्वपक्ष आणि सिद्धांत अशा क्रमाने केलेली तपासणी. होलाका हा वसंतातला उत्सव पूर्वेकडचे लोक करतात, दुसरा एक आचार दक्षिणेकडचे, तिसरा उत्तरेकडचे. मग हे आचार त्या त्या प्रदेशापुरतेच प्रमाण मानावेत काय? पूर्वपक्ष म्हणतो, होय. सिद्धांत म्हणतो की आचाराच्या मुळाशी विधी असेल तर तो सर्वांसाठीच असतो, आणि प्रदेश हा अधिकाराचा निकष होऊ शकत नाही, कारण पूर्वेचा माणूस देश सोडून गेला तरी होलाका करतो आणि बाहेरून येऊन तेथे राहिलेला ती करीलच असे नाही. यावर, देशावरून पडलेले नाव त्या देशाबाहेर टिकत नाही, अशी शंका येते, आणि तिला उत्तर म्हणून जैमिनी माथुराचे, म्हणजे मथुरेच्या माणसाचे, उदाहरण देतो. शबरस्वामीने आपल्या भाष्यात ते उलगडले आहे: मथुरेत राहणारा माथुर, मथुरेतून बाहेर पडलेला माथुर, आणि मथुरेकडे निघालेलाही माथुर. या तीन प्रकारांत केवळ वस्तीला मक्तेदारी दिलेली नाही. नाते कोणत्याही बाजूने जुळले तरी ते नातेच आहे, असे येथे मान्य केलेले आहे. या न्यायाने पाहिले तर सकाळी कागलकडे निघालेला कोगनोळीचा कामगार वाटेवर असतानाच कोल्हापूरचा होतो, आणि संध्याकाळी परतताना तो कोगनोळीचा होण्यासाठी कोल्हापूरचा असणे सोडून देत नाही.

शास्त्राने तर्काने मांडलेली ही गोष्ट कोल्हापूरच्या लोकश्रद्धेने दत्ताच्या दिनक्रमात पाहिली आहे. दत्तात्रेय रोज काशीत स्नान करतो, दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागतो आणि माहूरला विश्रांती घेतो, असे मानले जाते; स्तोत्रांमध्ये या स्थळांची वाटणी थोडी निराळीही येते, पण एका गावी राहून दुसऱ्या गावी अन्न घेण्याची कल्पना कायम राहते, आणि कोल्हापुरातील दत्त भिक्षालिंगाचे देऊळ त्याच श्रद्धेची साक्ष देते. येथे झोपत नाही म्हणून दत्त परका, असे करवीर क्षेत्राला, म्हणजे कोल्हापूरला, कधी वाटले नाही. दत्ताचा अवतार मानल्या गेलेल्या नृसिंह सरस्वतींच्या चरित्रात हाच धागा अधिक घट्ट होतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या नृसिंहवाडीला, त्यांचे वास्तव्य होते. पलीकडच्या अमरापुरात ते एका गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला गेले, त्या घराचा आधार असलेला घेवड्याचा वेल त्यांनी उपटला आणि त्याच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला, अशी कथा गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात आहे. ज्या घरचे अन्न खाल्ले त्या घराच्या दारिद्र्याची जबाबदारी खाणाऱ्याने उचलली, हे त्या कथेचे मर्म होय. पुढे ते गाणगापूरला गेले, जे आज कर्नाटकात आहे. आणि त्यांचे चरित्र मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती.

अर्थात कामगार भिक्षा मागत नाही. भिक्षेत देणारा आणि घेणारा या दोघांना जोडणारी वस्तू श्रद्धा असते, तर मजुरीत आधी घाम दिला जातो आणि मगच दाम मिळतो. त्यामुळे अन्नाचे ऋण येथे दोन्ही बाजूंनी चढते, आणि ओतकामाच्या कारखान्यात तापलेल्या भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्याचे देणे कारखान्याच्या गावाकडे अधिकच निघते.

या दुहेरी नात्याला मनुस्मृतीत नेमकी जागा आहे. तिच्या आठव्या अध्यायात राजाने जातीचे, जनपदाचे, श्रेणीचे आणि कुळाचे धर्म तपासून घ्यावेत असे सांगितले आहे. जनपद म्हणजे वस्तीचा प्रदेश आणि श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. ही दोन्ही वेगवेगळी प्रमाणे म्हणून शेजारी शेजारी ठेवली आहेत, याचा अर्थ एकाच माणसाचे जनपद एकीकडे आणि श्रेणी दुसरीकडे असू शकते, ही शक्यता त्या रचनेत मुळातच सामावलेली आहे. कामगारांनी ती कोणताही ग्रंथ न उघडता आचरणात आणली आहे: खंडेनवमीला कारखान्यात यंत्र पुसून, त्याला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून आणि नारळ फोडून पूजा होते, तर दुसऱ्या दिवशी सोने लुटले जाते ते आपल्या गावच्या शिवेवर, आपल्या ग्रामदैवताच्या पालखीसोबत. पहिला दिवस श्रेणीचा, दुसरा जनपदाचा, आणि दोन्ही दिवशी पूजा करणारा एकच.

आजच्या कायद्यालाही ही विभागणी अंशतः ठाऊक आहे. मताधिकार मुक्कामाला जोडलेला आहे. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याचे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील बंधन मात्र कामाच्या जागेवरील मालकावर आहे, त्यामुळे १० मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हा कागलच्या कारखान्यात राबणारा निपाणीचा मतदार त्या सुट्टीचा हक्कदार होता. व्यवसाय कर, ज्याची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने वर्षाला २५०० रुपये ठरवली आहे, तो काम जेथे चालते त्या राज्याकडे जातो. म्हणजे हा कामगार कर भरतो महाराष्ट्राला आणि मत देतो कर्नाटकात. ज्या सरकारला तो कर देतो ते निवडण्यात त्याचा वाटा नाही. यात अन्याय आहे, पण त्याचा उपाय त्याला कोठेतरी एकाच जागी बसवण्यात नाही.

हे दुहेरी नाते व्यवस्थेने ओळखले नाही तर काय होते, ते कोविडच्या साथीत दिसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटक शासनाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल सक्तीचा केला आणि कोगनोळीच्या नाक्यावर वाहने थांबवली जाऊ लागली. साथ खरी होती आणि तपासणीचा अधिकारही निर्विवाद होता. परंतु आतला आणि बाहेरून येणारा या दोनच वर्गांवर उभी असलेली व्यवस्था, जो रोज जातो आणि रोज येतो त्याला बाहेरच्यांत मोजू लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटून दोन्ही राज्यांमधील एसटी गाड्या थांबल्या, तेव्हाही पाळीवर वेळेत पोहोचण्याची जोखीम त्याच माणसावर येऊन पडली. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी मिळून अशा कामगारांची नोंद ठेवावी, बंदी, साथ किंवा आंदोलनाच्या काळात कारखान्याचे ओळखपत्र दोन्हीकडे ग्राह्य धरावे, आणि रस्ता बंद झाल्यामुळे बुडालेल्या पाळीची मजुरी कोणी सोसायची हे आधीच ठरवावे, एवढी मागणी सीमेचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.