झिजावे कोणी?

एकमेकांवर अखंड घासत राहणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक झिजणार हे अटळ असेल, तर ती कोणती असावी आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वेदान्ताच्या ग्रंथांत शोधू जावे तर याच शब्दांत तो सहसा सापडत नाही. उज्जैनीस देवास गेटाजवळ, जेथे रेल्वे स्थानक, बस स्थानक, माधव महाविद्यालय आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळा यांची एकच दाटी झालेली आहे, तेथल्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मात्र तो मला अगदी उघडावाघडा भेटला.

कारखान्यात लाकडी ठोकळ्यांवर शेव्हरोलेटचे आठ सिलिंडरांचे जुने इंजिन मांडलेले होते. १९५५ साली बाजारात आलेले हे घराणे शर्यतीच्या नादिष्टांचे पुढे मोठे लाडके झाले, आणि या इंजिनाचे मालकही त्याच पंथातले असल्याने, मूळचा बिडाचा कॅमशाफ्ट काढून परदेशाहून मागविलेला पोलादी रोलर कॅमशाफ्ट बसविण्याचा घाट त्यांनी घातला होता. या इंजिनात ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर मागल्या अंगास उभा असतो. त्याच्या दांड्याच्या तळाशी तेरा तिरप्या दात्यांचा एक लहानसा गिअर असून तो कॅमशाफ्टवरच्या तशाच तिरप्या दात्यांत गुंतून फिरतो, आणि त्याच दांड्याच्या टोकावर ऑइल पंपही चालतो. क्रँक मिनिटास ६,००० फेरे घेत असता डिस्ट्रिब्यूटर ३,००० घेतो, दर फेऱ्यास आठ ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदास ४०० ठिणग्यांचा आणि वर साऱ्या तेलपुरवठ्याचा कारभार त्या एवढ्याशा चाकाच्या इमानावर सोपविलेला असतो.

आता बिडाच्या कॅमला बिडाचा गिअर चालतो. करड्या बिडाच्या पोटात ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि घर्षणाच्या वेळी ते वंगणाचे काम करतात, त्यामुळे सजातीयांचे तेथे जमते. तोच गिअर पोलादी कॅमशी जुंपला तर दाते एकमेकांना ओरबाडू लागतात, त्यांचा चुरा तेलातून बेअरिंगांपर्यंत पोहोचतो, आणि ठिणगी आपल्या नेमल्या क्षणापासून ढळू लागते. डिस्ट्रिब्यूटरकडे एका अंशाची तफावत पडली की क्रँककडे ती दोन अंशांची होते. ज्या नगरीवरून आमच्या ज्योतिषांनी आपले शून्य याम्योत्तर नेले, आणि जेथल्या जयसिंहाच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या दरबाराने करविला, तेथे क्षणाच्या नेमकेपणाची महती कोणी कोणास सांगावी? तरीही मालकांचे चित्त ठिणगीपेक्षा गिअरच्या किमतीतच अधिक गुंतलेले दिसले.

कारखान्याच्या मिस्त्रींनी तजवीज सुचविली ती काशाच्या गिअरची, ज्याला त्या पेठेत सरसकट गनमेटल म्हणतात. त्यांनी प्रथम मायक्रोमीटर लावून दांडा मोजला, कारण या जातीच्या डिस्ट्रिब्यूटरांत ०.४९१ आणि ०.५०० इंच अशा दोन जाडीचे दांडे आढळतात आणि तो फरक नजरेला मुळीच कळत नाही. मग मालकांनी हौसेने आणलेला जादा दाबाचा ऑइल पंप त्यांनी, एक शब्दही न बोलता, पुन्हा खोक्यात घातला. त्या पंपाचा वाढीव भार गिअरच्याच दात्यांवर पडला असता.

“झिजणारच हे ठाऊक असताना मुद्दाम मऊ वस्तू कशाला घालायची? सगळ्यांत कठीण असेल तो द्या ना,” असे मालक म्हणाले.

“साहेब, कॅमचे दाते गेले तर सगळं इंजिन उघडावं लागेल. हा गेला तर एक बोल्ट सोडायचा, डिस्ट्रिब्यूटर वर ओढायचा, झालं. म्हणून यानं झिजायचं,” मिस्त्री म्हणाले.

या उत्तरात मला जो सच्चेपणा जाणवला, तो आमच्या नीतिपर वाङ्मयात क्वचितच आढळतो. मिस्त्रींनी गनमेटलच्या अंगी त्याग हा गुण चिकटविला नाही, त्याला धन्य म्हटले नाही, त्याच्या झिजण्यात कोणतेही उदात्त प्रयोजन शोधले नाही. बदलण्यास सोपा म्हणून तो झिजणार, एवढेच रोखठोक कारण त्यांनी पुढे ठेवले. आपण मात्र घरात जन्मभर राबलेल्या थोरल्या वहिनीविषयी, किंवा दफ्तरात तीस वर्षे फायली वाहून निवृत्त झालेल्या शिपायाविषयी बोलताना, ती चंदनासारखी झिजली, तो चंदनासारखा झिजला, असे म्हणून डोळे पुसतो. चंदन झिजते तेव्हा गंध कोणाच्या कपाळी लागतो हे विचारण्याची आपली रीत नाही. आणि जिच्यावर ते उगाळले जाते ती सहाणही पिढ्यान्‌पिढ्या वापरली म्हणजे मध्यभागी खोलगट होत जाते, हे प्रत्येक देवघरात दिसत असूनही तिच्या झिजेला कोणी पुण्य म्हटल्याचे ऐकिवात नाही. पोलादी कॅमही झिजतोच, फक्त त्याच्या झिजेचा हिशेब फार लांबच्या मुदतीने होतो.

कर्म टाकणे हा त्याग नव्हे, फलाशा टाकणे हा त्याग, हे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ने मराठी वाचकाच्या मनावर चांगलेच बिंबविले आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायाने तर त्यागाचेही सात्त्विक, राजस, तामस असे तीन विभाग पाडून, सगळाच त्याग वंदनीय नसतो हे स्पष्ट केलेले आहे. या तिन्ही विभागांत एक गोष्ट गृहीत आहे: टाकणारा कोणीतरी असावा लागतो, आणि टाकणे किंवा न टाकणे त्याच्या हाती असावे लागते. ज्याला निवडच नव्हती त्याच्या झिजेला सात्त्विक त्यागाची पदवी देणे म्हणजे ज्याने ती झीज योजिली त्याला परस्पर दोषमुक्त करणे होय.

येथे स्वभावाचा मुद्दा पुढे करण्यात येईल, कारण आमच्याकडे तो नेहमीच हाताशी असतो. काशाचा स्वभावच मऊ, पोलादाचा कठीण, तेव्हा ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे वर्तावे यात अन्याय कोणता? धातूंच्या बाबतीत माझी हरकत नाही. तेथे काठिण्य आधी मोजले जाते आणि जागा मागाहून ठरते. मनुष्यांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा असतो: जागा आधी नेमून दिली जाते आणि मग त्या जागेवर टिकाव धरण्यासाठी जे मार्दव अंगी आणावे लागते, त्यालाच त्याचा स्वभाव म्हणून दाखल करून घेतले जाते. वर्णव्यवस्थेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या अनेक विद्वान प्रबंधांत हा क्रमविपर्यास इतक्या सफाईने झालेला आहे की वाचकाला तो मिस्त्रींच्या मायक्रोमीटरावाचून दिसावा कसा!

मग दोघेही तुल्यबळ असावेत, हा उपाय आहे काय? ज्या देवासचे नाव त्या गेटाला आहे, तेथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या, दोन गाद्या, दोन दरबार एकाच गावात १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदले, आणि थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला तो प्रकार मोठा कौतुकाचा वाटला. नांदले हे खरे. पण दुहेरी कारभाराचा खर्च ज्या रयतेने सोसला तिला दोन्ही पात्यांच्या मधली जागा मिळाली होती. समानांची जोडी जमली म्हणजे झीज नाहीशी झाली असे नव्हे, ती कोठे गेली ते पाहावे लागते. गिअरांपुरते म्हणाल तर पॉलिमरचे गिअरही आता निघाले आहेत, ते कोणत्याही कॅमशी जुळवून घेतात आणि किमतीने बरेच भारी असतात; उज्जैनीस तसला गिअर वेळेवर मिळण्याचा भरवसा नाही, म्हणून मिस्त्रींनी तो विषय दोन वाक्यांत संपविला.

गनमेटलचाच गिअर ठरला, मात्र मिस्त्रींनी एक शर्त घातली: दर खेपेस तेल बदलताना डिस्ट्रिब्यूटर उपसून दाते पाहायचे, झिजेचा पट्टा दात्याच्या मध्यावर आहे की कडेकडे सरकला आहे ते तपासायचे, आणि दात्यांच्या कडा पातळ होऊ लागल्या की इंजिन सुरळीत चालत असले तरीही गिअर बदलायचा. माझ्या मते दुसऱ्याच्या झिजेवर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेचे नैतिक मूल्य या एका शर्तीवरून ठरविता येईल. धातूला जाणीव असती तर त्याने काय पसंत केले असते, या चर्चेत मला रस नाही, पण उघडून पाहण्याचे काम कोणाकडे आहे याचे उत्तर देता येते आणि ते मागताही येते. मालकांनी हरकत काढली की गाडी विकली तर पुढच्याला हे कसे कळणार. मिस्त्रींनी एअर फिल्टरच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने ‘गनमेटल गिअर, काढून पाहणे’ एवढी अक्षरे लिहून घेण्यास सांगितले, आणि झाकणाची शोभा जाईल म्हणून अक्षरे खालच्या बाजूस लिहावीत की वरच्या, यावर मी निघालो तोवर वाद चालूच होता.