पेटीतल्या वह्या

१४ ऑक्टोबर १९५४ रोजी तेव्हाच्या कलकत्त्यात, देशप्रिय पार्कजवळ, ट्रामची धडक बसून बंगाली कवी जीवनानंद दास जबर जखमी झाले आणि २२ ऑक्टोबरला रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या त्या वह्यांनी भरलेल्या ट्रंका. त्यांत कविता होत्याच. पण कथा आणि कादंबऱ्याही होत्या. हयातीत ज्याची एकही कादंबरी छापली गेली नाही, असा हा लेखक वर्षानुवर्षे गद्य लिहून पेटीत ठेवीत आला होता. १९४८ मध्ये लिहिलेली 'माल्यवान' वाचकांच्या हाती पडली ती १९७३ साली.

माणसाच्या कर्माची प्रेरणा आतून येते की बाहेरून, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर ही पेटी सहजच देते, असे प्रथमदर्शनी वाटते. ज्याला वाचक नाही, मानधन नाही, टाळी नाही, ते लेखन अंतःप्रेरणेवाचून दुसऱ्या कशाने घडेल? मराठी वाचकाला येथे इंद्रायणीतल्या वह्या आठवतील. परंतु त्या लोकांनी बुडवायला लावल्या होत्या. या लिहिणाऱ्यानेच झाकून ठेवल्या. हा फरक लहान नाही. झाकून ठेवण्यात निःस्पृहता असू शकते, तसे भयही असू शकते. आणि टीकेच्या भयाने लपणारा माणूस टीकेच्याच मुठीत असतो.

'शनिवारेर चिठि' या नियतकालिकातून सजनीकांत दास जीवनानंदांच्या कवितेची टर उडवीत. 'क्याम्पे' या कवितेवर अश्लीलतेचा ठपका आला तेव्हा कवीने तिचा खुलासा लिहिला; मात्र हयातीत तो प्रसिद्ध केला नाही. या एका कृतीत दोन्ही गोष्टी आहेत. घाव लागला नसता तर खुलासा लिहिला गेला नसता. आणि सारा जीव लोकमतावरच टांगलेला असता तर तो छापल्यावाचून राहवले नसते.

प्रेरणा आणि आत्ममूल्य यांचा उगम एकच मानण्यात खरा घोटाळा होतो. लिहिण्याची ओढ सर्वस्वी आतली, आणि 'आपण कोणी आहोत' हा विश्वास मात्र दुसऱ्याच्या शब्दावर हेलकावणारा, अशी माणसे पुष्कळ असतात. त्यात लाज वाटावी असे काही नाही. १९२८ च्या सुमारास जीवनानंदांची कलकत्त्यातील सिटी कॉलेजची नोकरी गेली, आणि पुढेही त्यांची प्राध्यापकी कधी फारशी स्थिर राहिली नाही. ज्याला घर चालवायचे आहे त्याला जगाने केलेली आपली किंमत कळल्यावाचून राहत नाही. स्वतःच्या मोलासाठी जगाकडे पाहू नये, हा उपदेश पोट भरलेल्याला सोपा असतो!

तेव्हा माणूस दुखावतो की नाही, यावरून काहीच ठरत नाही. दुखावल्यानंतर दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडली जाते का, आणि उघडल्यावर ओळ कोणाला रुचावी म्हणून बदलली जाते, हे पाहावे लागते. ते बाहेरच्याला दिसत नाही. पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही नाही.

१९५५ साली जीवनानंदांच्या 'श्रेष्ठ कविता' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला कवी नव्हता. १९३४ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे १९५७ साली 'रूपसी बांगला' या नावाने छापल्या गेलेल्या कविता तेव्हाही वहीतच होत्या.