एकच कंकण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



जयंतीच्या अंकासाठी संपादक मंडळी दर वर्षी लेख मागतात आणि मी दर वर्षी पोथीतला एखादा अध्याय घेऊन लिहितो. यंदा मात्र थोडं घरचं सांगणार आहे. आमच्या मंदिरात दर गुरुवारी आरतीनंतर मी अर्धा तास बोलतो. ऐकणारे म्हणतात, गुरुजी शांत बोलतात, गोड बोलतात. हे वाक्य आमच्या घरी कुणी ऐकलं तर हसू आवरणार नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली. वर्ग गोंगाट करायला लागला की आवाज चढवायचा, ही सवय हाडात मुरली. निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही, सवय राहिली. मग वर्ग कोण? घरातली माणसं.

सौ. एकदा म्हणाली, "अहो, तुमचं प्रवचन बाहेरच्यांसाठीच आहे का? आम्हाला पण थोडं द्या की." तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

आता पोथीकडे येतो. भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला आपल्या पूर्वजाची, यदुराजाची कथा सांगतात. यदूला एक तरुण अवधूत भेटला. कुठलंही भय नसलेला, मोकळा हिंडणारा. हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, असं आपली परंपरा मानते. याच चोवीस गुरूंच्या कथेवर नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात किती प्रेमानं लिहिलं आहे, हे ज्यांनी सात, आठ, नऊ हे अध्याय वाचले त्यांना सांगायला नको.

पण चोवीस गुरू मोजण्याच्या घाईत आपण राजाचा प्रश्न नीट वाचत नाही. राजा अवधूताचं वर्णन करतो. समर्थ आहेस, जाणता आहेस, कुशल आहेस, आणि तुझं बोलणं अमृतासारखं आहे, असं म्हणतो. सगळं जग वणव्यात होरपळतंय आणि तू मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीसारखा निवांत कसा, असं विचारतो. म्हणजे बघा, राजाच्या नजरेत दोन गोष्टी एकदमच आल्या. बोलणं गोड, आणि आतून निवांत.

यावर अवधूत काय उत्तर देतो? मी अमुक जाणतो, अशी सुरुवात तो करत नाही. मी कुणाकुणाकडून शिकलो ते सांगतो, असं म्हणतो. पृथ्वीकडून, वाऱ्याकडून, अजगराकडून, माशाकडून, एका लहान मुलाकडून. मला वाटतं त्याच्या बोलण्यातला ठामपणा इथूनच येतो. ज्याला आपलं शहाणपण राखायचं असतं, त्याला पदोपदी आवाज चढवावा लागतो. ज्याला शिकायचंच आहे, त्याचं कुणी काय हिसकावून घेणार?

असा एक गुरू मला बँकेत भेटला. तो म्हणजे आमची सौ.

नोव्हेंबर महिना. पेन्शनवाल्यांना तो महिना कसा जातो, हे वेगळं सांगायला नको. हयातीचा दाखला द्यायला गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र म्हणतं जुळत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमचं बोट येत नाही, उद्या या." झालं. मी सुरू झालो. "अरे, मी जिवंत तुझ्यासमोर उभा आहे, तुला डोळ्यांनी दिसतोय, आणि यंत्राला विचारतोस?" मागची रांग बघायला लागली. मुलाचं तोंड उतरलं आणि मग तोही फटकन काहीतरी बोलला. सौ. बाकावरून उठली. खिडकीशी येऊन म्हणाली, "साहेब, ह्यांची बोटं खडूनं झिजलीत. दुसरं बोट घेऊन बघा. ते पण नाही आलं तर दुसरा काय मार्ग आहे ते सांगा. आम्हाला घाई नाही, आम्ही इथंच बसतो." उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. दहा मिनिटांत काम झालं.

ती सातवी शिकलेली आहे. तिनं विनवणी केली नाही, आणि उद्या येते असंही म्हटलं नाही. अडचण काय ते सांगितलं, काय हवं ते सांगितलं, आणि बसली. मी मात्र आख्ख्या बँकेला माझा अपमान सांगत होतो. अपमान सांगून कुणाचं बोट जुळतं का?

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. आता जे सांगणार आहे, त्यावर हसता येत नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. घर वडिलोपार्जित, गावाच्या खालच्या अंगाला. धाकटा भाऊ इचलकरंजीत, मागांच्या धंद्यात. २००५ च्या पुरात उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हाच तो म्हणाला होता, "दादा, वरच्या अंगाला दोन खोल्या बांधू. हे घर आता राहायचं नाही." मला राग आला. वडिलांच्या घराला हा राहायचं नाही म्हणतो! मी ऐकलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल, आणि देवघराच्या फळीखाली गुरुचरित्राची पोथी. वडिलांची. त्यांनी पन्नासेक वर्षं तिचे सप्ताह केले होते. पानांचा नुसता लगदा झाला होता. भाऊ आला, त्यानं तो लगदा हातात घेतला आणि ओसरीवर बसून रडायला लागला. रडता रडता म्हणाला, "तुला २००५ सालीच सांगितलं होतं."

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच मी म्हणालो, "तू इचलकरंजीत बसून सांगायला मोकळा. आईचं शेवटचं कुणी केलं?"

आईच्या शेवटच्या आजारपणात त्याचे माग बंद पडले होते, तो कर्जात होता, रोज येऊ शकत नव्हता. हे मला माहीत होतं. माहीत असूनच बोललो. तो पोथीचा लगदा पाटावर ठेवून उठला आणि गेला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आमचं बोलणं बंद.

त्या दिवसांत मी गुरुवारी मंदिरात कारंज्याच्या बाळाची कथा सांगितली होती. श्रीनृसिंह सरस्वती लहानपणी ॐकाराशिवाय काही बोलत नव्हते. आईवडील काळजीत, लोक म्हणायचे पोर मुकं आहे. मुंज झाली, मातेनं भिक्षा घातली आणि त्या मुखातून वेद बाहेर पडले. मी मौनाचा महिमा रंगवून सांगितला. खाली उतरलो तर एक जुने श्रोते, वय ऐंशीच्या पुढे, हळूच म्हणाले, "गुरुजी, मौन वेगळं, अबोला वेगळा." ते सहज बोलले की त्यांना आमच्या घरचं ठाऊक होतं, कुणास ठाऊक. मला रात्री झोप आली नाही. मौनात त्या बाळाजवळ वेद होते. माझ्या अबोल्यात काय होतं? रोज रात्री भावाला ऐकवायची वाक्यं मी मनात जुळवत होतो, एकाहून एक धारदार. बाहेरून शांत दिसत होतो, एवढंच. गिळलेला राग आणि शांती यांची गल्लत आपण संसारी माणसं फार करतो. अवधूताच्या गुरूंत समुद्र आहे. पावसाळ्यात किती नद्या येऊन मिळाल्या तरी तो फुगत नाही. आम्ही नदीकाठचे, आम्हाला हे जास्त कळायला हवं. पूर नदीला येतो, समुद्राला येत नाही.

पुढच्या आठवड्याच्या प्रवचनासाठी कुमारीच्या कंकणांची कथा वाचायला घेतली. आपल्याला माहीतच आहे. मुलगी घरात एकटी आणि तिला बघायला पाहुणे आलेले. त्यांच्यासाठी भात कांडायला बसली तर हातातली शंखाची कंकणं वाजू लागली. घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून तिनं एकेक कंकण कमी केलं. दोन-दोन राहिली तरी वाजतातच. शेवटी एकेकच ठेवलं, तेव्हा आवाज थांबला. पोथीत याचा अर्थ एकांताकडे नेला आहे. पुष्कळ एकत्र आले की भांडण, दोघं असले तरी गप्पा, म्हणून यतीनं एकटं हिंडावं. यतीचं ते बरोबर आहे. आपण घरसंसारवाले, एकटं कुठं हिंडणार? मला त्या रात्री वेगळंच दिसलं, आणि जाणत्यांनी चूक असल्यास क्षमा करावी. मला दिसलं की मी भावाशी मनात बोलतो तेव्हा माझ्या हातात बारा कंकणं असतात. घराचं, आईचं, वडिलांच्या श्राद्धाला उशिरा आला त्याचं, लग्नातल्या मानपानाचं. सगळी एकदम वाजतात. त्यात एक तरी शब्द ऐकू येईल का?

कळलं, पण वळलं नाही. फोन करायचं धाडस झालं नाही. इतकी वर्षं लोकांना बोलायला शिकवलं आणि सख्ख्या भावाचा नंबर दाबवेना.

जुलै २०२१. पुन्हा पाणी चढायला लागलं. अजून गावात दवंडीही फिरली नव्हती, तर दारात टेंपो उभा. पुतण्या उतरला. म्हणाला, "काका, बाबांनी पाठवलंय. आधी देव घ्या, मग बाकीचं." त्या टेंपोतनं आम्ही इचलकरंजीला भावाकडे गेलो. अकरा दिवस राहिलो. वहिनी दोन्ही वेळा वाढायची, पोरं बोलायची, आम्ही दोघं भाऊ टीव्हीवर पाण्याची पातळी बघायचो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो अंगणात खुर्ची टाकून एकटाच बसला होता. मी गेलो. मनात बारा कंकणं होतीच. दत्तप्रभूंचं नाव घेतलं आणि एवढंच म्हणालो, "२००५ साली तू म्हणालास ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही. आणि आईवरून बोललो ते खोटं होतं."

पुढं 'पण' असा शब्द ओठांवर आला होता. पण तू सुद्धा पोथी हातात असताना तसं बोलायला नको होतंस, असं काहीसं. तो शब्द मागे घेतला. आयुष्यात एवढे श्रम मला कुठल्याही शब्दानं दिले नाहीत. ते दुसरं कंकण होतं, राहिलं असतं तर वाजलंच असतं.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, जेवायला चल. भाकरी गार व्हायली."

एवढंच. मिठ्या नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. त्या रात्री मला झोप मात्र लागली.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, म्हणजे नमतं घेणं हेच तुमचं शांत बोलणं का? नाही. दोन दिवसांनी भाऊ म्हणाला, गावाकडचं सगळं विकून टाक आणि इचलकरंजीला कायमचा ये. त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं. पूर्वीचा मी असतो तर एक तर ओरडलो असतो, नाहीतर मान हलवून मनात कुढत बसलो असतो. मी म्हणालो, "मला नृसिंहवाडीपासून लांब जायचं नाही. पौर्णिमेला पायी जाता येईल एवढ्यावरच राहणार. वरच्या अंगाला दोन खोल्या बांधू, तू म्हणाला होतास तिथंच." त्यानं कारणं दिली. वय, दवाखाना, रात्री-अपरात्री कोण येणार. सगळी कारणं खरी होती, मी तसं म्हटलंही. आणि तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो हसला. म्हणाला, "तू पहिल्यांदाच न ओरडता हट्ट करतोयस."

दोन खोल्या झाल्या. खालच्या जागेचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. त्यावरून आमचे मतभेद आहेत आणि गेल्या महिन्यात एकदा माझा आवाज चढला, हेही सांगून टाकतो, नाहीतर भाऊ हा अंक वाचतो, तो म्हणेल दादानं सोयीचं तेवढं लिहिलं. आवाज चढला तेव्हा सौ. नं स्वयंपाकघरातून नुसती हातातली बांगडी वाजवली. मला कळलं, भावाला कळलं नाही. तो विचारत राहिला, वहिनी का हसतात म्हणून.

गेल्या जयंतीला आम्ही दोघं वाडीला गेलो होतो. पाच वाजता जन्मकाळ झाला, कृष्णेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत भाऊ दिसेनासा झाला. घाटाच्या पायऱ्यांवर वाट बघत बसलो. अर्ध्या तासानं आला तो एका हातात कवठाची बर्फी आणि दुसऱ्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन. माझ्या मांडीवर ठेवलं. सोडून पाहिलं तर गुरुचरित्राची नवी पोथी, मोठ्या अक्षरातली.

"तुझा चष्मा बदललाय ना आता," तो म्हणाला, "म्हणून मोठ्या अक्षराची घेतली. वरच्या फळीवर ठेव."