पहिला कॅमेरा घेताना

चि. भाच्यास,

कोणता कॅमेरा घेऊ, असं तू विचारलंस. त्याआधी फोटो कशाचे काढायचे ते ठरव. पक्षी टिपायचे तर लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. पण तू म्हणालास, आपली माणसं, बाजार, शेतातली कामं. मग फार खर्च नको.

जुना डीएसएलआर घे. कंपन्या मिररलेसकडे वळल्या, त्यामुळे चांगल्या बॉडी उतरत्या भावात मिळतात. घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचार. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बऱ्याच बॉडींचं शटर साधारण लाखभर क्लिकांच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लेन्समधून टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊच नको. अॅपर्चर एफ १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढ. काळे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तेवढ्यावर भाव पाडून माग.

वाचलेल्या पैशांत ३५ एमएम एफ १.८ लेन्स घे. सोबत येणारी १८-५५ झूम पुढे ओढली की अॅपर्चर एफ ५.६ वर येतं. एफ १.८ त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी दुकानातल्या एका बल्बच्या उजेडातही माणसाचा चेहरा फ्लॅशशिवाय मिळतो. या लेन्सला झूम नाही म्हणून माणसाच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं. ते फार चांगलं आहे.

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. त्याचं मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. हळद काढणीच्या दिवसांत हळद शिजवायच्या कुकरचं झाकण उघडलं की पांढऱ्या वाफेचा लोट उठतो. कॅमेरा त्या वाफेला करडी करतो आणि मागचा माणूस काळा पडतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एकवर ने आणि ऊन वाफेच्या मागून येईल असा उभा राहा. औंढ्याला नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं टिपताना उलट होतं. काळा दगड कॅमेरा उजळ करून टाकतो. तिथे मायनस एक. जा मात्र सकाळी लवकर. तिरप्या उन्हातच कोरीव काम उठून दिसतं. वाळत घातलेल्या हळदीने सगळी चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स तिचा पिवळेपणा मारतो. म्हणून व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेव.

वाफ पांढरी, दगड काळा, हळद पिवळी, हे तुला जन्मापासून माहीत आहे. कितीही महागडा कॅमेरा घेतलास तरी ते तुलाच सांगावं लागणार. म्हणून शिकायला आपलं जवळा बाजार गाव सोडून कुठे जाऊ नकोस.

मोठ्यांनीही हेच केलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली, पैसे लावणाऱ्यांचा विश्वास मिळवला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांनीही विषय हाताशी असलेलाच घेतला आणि तो धरून ठेवला.

एक नियम मात्र पाळ. माणसाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही आणि काढला की प्रिंट नेऊन द्यायची. हळद निवडणाऱ्या बायांचे फोटो कुणी काढून त्यांच्या हातात देत नाही. तू दे. मोबाइलमधला फोटो हरवतो. भिंतीवरचा घरात राहतो. पुढच्या वेळी त्या स्वतःच तुला हाक मारतील, आणि तसे फोटो बाहेरून आलेल्या कुणालाही मिळणार नाहीत.

कॅमेरा घेतलास की या हंगामातले दहा फोटो पाठव. प्रत्येकाखाली शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि त्या माणसाचं नाव लिही. नाव नसेल तो फोटो पाठवू नकोस.

ताईला, भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा