फुलीफुलीतला फरक

घरात एक डिसमिस आणि अंगात रविवार असला, की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. उरलेले सहा दिवस तो बँकेत हिशेब जुळवत असतो.

मेहुण्याची बदली झाली, तेव्हा सासऱ्यांची यामाहा आरएक्स 100 माझ्या ओटीत आली. गाडी 1988ची. सासरे सातपूरला फिटर होते. 1996 साली ही गाडी निघायची बंद झाली, तेव्हा त्यांनी फक्त सुतक पाळायचं बाकी ठेवलं होतं.

साखळी खडखडू लागली म्हणून इंजिनाचं डावं झाकण उघडायला बसलो. स्क्रू फुलीचा, डिसमिस फुलीचा. पत्रिका जुळली असं समजलो. पहिल्यांदा डिसमिस उसळून वर आला. दुसऱ्यांदा मी जोर वाढवला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, “गॅरेजमध्ये न्या ना!” त्यामुळे चौथ्यांदा आणखी वाढवला. फुलीची वाटी झाली.

मेहुण्याला फोनवर सांगितलं, “स्क्रू मऊ पडलेत रे जुने.”

द्वारकेजवळच्या गॅरेजवाल्यानं छिन्नीनं हळूहळू ठोकत तो स्क्रू काढला आणि माझा डिसमिस हातात घेऊन हसला. “साहेब, ही जपानी फुली. डोक्यावर ठिपका दिसतो ना? तुमचा हा फिलिप्स.”

फिलिप्स म्हणजे अमेरिकेतले हेन्री फिलिप्स. त्यांची पेटंटं 1936ची. त्यांच्या फुलीचं टोक निमुळतं. जपानी प्रमाणाचं टोक बोथट, खोबणीत तळापर्यंत बसणारं. जपानी डिसमिस फिलिप्सच्या स्क्रूत बहुधा चालून जातो. उलट केलं की घसरतो. शिवाय नंबर असतात: कार्बोरेटरच्या बारीक स्क्रूला साधारण 2, इंजिनाच्या झाकणाला 3. ठिपका सगळ्यांवर असतोच असं नाही, पण असला तर मुकाट्यानं ऐकावं.

आता दोष कुणाचा? अज्ञानाला माफी असते म्हणतात. पहिल्या वेळेपुरती मी ती घेतोही. पण डिसमिस वर उसळत होता, म्हणजे स्क्रू आपल्या परीनं सांगतच होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मला अज्ञान नव्हतं, मला घाई होती. आणि चौथ्या वेळी तर बायकोला हरवायचं होतं. वर त्या बिचाऱ्याला ‘मऊ’ म्हणून मोकळा झालो. भलं करायला निघालेला माणूस जोर जरा जास्तच लावतो. (सुनेला वळण लावणाऱ्या आमच्या मावशी आठवल्या.)

परत येऊन डिकी उपसली. तळाशी सासऱ्यांची कापडी पिशवी होती. मेहुण्यानं मुद्दाम दिलेली, मी न उघडलेली. आत बोथट टोकाचा एक डिसमिस. शेजारच्या स्क्रूत ठेवला, तर हात सोडला तरी उभा!

दिवाळीत मेहुणा आला. गाडीवरून हात फिरवताना त्याचं बोट एकाच चकचकीत स्क्रूवर थांबलं.

“भावोजी, हा नवीन?”

“तो मऊ नव्हता रे,” मी म्हणालो, आणि पुढचं सांगण्याआधी आत चहाची ऑर्डर दिली. कडक.