अस्मानीची हद्द

आमच्या अकोटकडे, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, उघड्यावर पडलेल्या कापसाच्या ढिगावर अवेळी पाऊस आला की 'अस्मानी' हा एक शब्द उच्चारून माणसे स्वस्थ बसतात. सुलतानीस जाब विचारता येतो, अस्मानीस येत नाही, हेच त्या शब्दाचे सांत्वन होय. परंतु पाऊस आकाशाचा असला तरी ढीग उघड्यावर ठेवणारे आकाश नव्हे. तेव्हा अस्मानीची हद्द कोठे संपते, याचा विचार करणे प्राप्त आहे.

त्यासाठी एक शोचनीय उदाहरण घेऊ. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळातील कोझिकोड येथे भर पावसात उतरताना डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. आत १९० माणसे होती. त्यांपैकी २१ मृत्युमुखी पडली. मुख्य वैमानिक दीपक साठे हे नागपूरकर कुटुंबातील व वायुदलात नावाजलेले अधिकारी. तेही गेले आणि सहवैमानिकही गेले. विदर्भास ते दुःख घरचेच वाटले.

अनेकांनी पावसास दोष दिला. तथापि २०२१ साली प्रसिद्ध झालेला चौकशीचा अहवाल वेगळे सांगतो. वारा पाठीमागून होता, काचेवरील पाणी पुसणारे यंत्र नीट चालत नव्हते, हे खरे. परंतु २,७०० मीटरांच्या धावपट्टीचा सुमारे अर्धा भाग मागे पडल्यावर विमान जमिनीस टेकले. सहवैमानिकाने 'पुन्हा वर घ्या' अशी सूचना दिली. ती पाळली गेली नाही, आणि नियमाप्रमाणे नियंत्रण आपल्या हाती घेणे त्यासही जमले नाही. अधिकारातील मोठे अंतर हे त्याचे एक कारण अहवालाने दिले आहे. दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी तेथे पुरेसे मुख्य वैमानिक नव्हते, हेही त्यात नमूद आहे.

मृतांस दोष देणे सोपे आहे. तो आमचा हेतू नाही. ज्या संकोचाने सहवैमानिकाचा हात थांबला, तो संकोच आपण घरोघरी सद्गुण म्हणून शिकवितो. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये, अनुभवी माणसास टोकू नये, हेच आपले वळण. ज्या वर्गात कोणी शंका काढीत नाही, त्या वर्गास आम्ही शिक्षक शिस्तीचा म्हणतो.

कोणी म्हणेल, संकटकाळी एकाचीच आज्ञा चालली पाहिजे. हे मान्य आहे. परंतु विमानविद्येच्या शिस्तीनेच कनिष्ठास बोलण्याची व प्रसंगी सूत्रे घेण्याची आज्ञा दिलेली आहे. तेथे गप्प राहणे म्हणजे व्यक्तीच्या आदरापोटी नियमाचा अनादर करणे होय. आणि त्या आदराची किंमत मागे बसलेले प्रवासी देतात.

म्हणून एखाद्या आपत्तीस अस्मानी म्हणण्यापूर्वी पावसाचे माप तर घ्यावेच. परंतु त्या घटकेस धोका कोणास दिसत होता, आणि त्याचा शब्द का चालला नाही, हेही विचारीत जावे.