शाईचे मोल

जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत 2018 साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तेव्हापासून घनसावंगीकडील शेतकऱ्याला कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरची वाट धरावीच लागते असे नाही. कोष तराजूत पडतो, भाव पुकारला जातो, पैसे हाती येतात. कोषातील जिवाचे काय, हा प्रश्न आपल्या जैन बांधवांनी फार पूर्वीच विचारला आहे. आमचा आजचा प्रश्न निराळा आहे.

हा कोष आता साडीपलीकडे निघाला आहे. सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरचा चिकट थर काढतात, उरलेले तंतू क्षाराच्या द्रावणात विरघळवतात आणि मिळालेल्या प्रथिनापासून पाण्याने भरलेला मऊ गर बनवतात. यालाच हायड्रोजेल म्हणतात. त्यात जिवंत पेशी मिसळल्या की 'जैवशाई' तयार होते आणि मुद्रणयंत्र थरावर थर देत तिच्यातून कूर्चेसारखा तुकडा रचते. गुवाहाटीच्या आय.आय.टी.त रेशमाच्या अशा शाईवर संशोधन झाले आहे. 'छपाई' या शब्दाने मात्र फसू नये. यंत्र जीव निर्माण करीत नाही. पेशी पेशीपासूनच येते. शाई तिला ओलावा व आधार देते, इतकेच. रक्तवाहिनीपासून केसाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर पडलेली पेशी प्राणवायूवाचून मरते, म्हणून रोपण करता येईल असे संपूर्ण मूत्रपिंड छापणे अद्याप कोणालाही साधलेले नाही.

शाई रेशमाची असते तोवर तिचा भाव ठरविण्यात कोणाला अडचण वाटत नाही. परंतु 2022 साली हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तेथील आय.आय.टी. व सी.सी.एम.बी. यांच्या संशोधकांनी डोळ्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, छापला आणि सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला. त्याची शाई माणसाच्याच पारपटलापासून केलेली होती. नेत्रदानात लाभलेले प्रत्येक पटल रोपणास योग्य ठरत नाही. अशा पटलातील पेशी धुऊन काढल्या की मागे जाळी उरते. तिचा गर होतो. एरवी वाया जाणारे दान अशा रीतीने कामी येणार असेल, तर त्याचे आम्ही स्वागतच करू.

पण दान दिलेला डोळा कुपीतील शाई झाला, म्हणजे त्याचे दानपण संपले काय? आपल्याकडील 1994 च्या कायद्याने मानवी अवयवांचा व्यापार हा गुन्हा ठरविला. 2011 च्या दुरुस्तीने ऊतीही त्यात आल्या. सन 2000 मध्ये प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या रोम येथील परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनीही अवयवांचा व्यापार नीतीला मान्य नसल्याचे सांगितले. यावर कोणी म्हणेल, धुतलेल्या जाळीत दात्याचे उरले काय? तो आता निव्वळ कच्चा माल! हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकन महिला 1951 साली कर्करोगाने वारली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, विकल्या गेल्या; कुटुंबाला वीसेक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. एका कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती 2023 साली. पेशी तिच्या राहिल्या नाहीत असे म्हणणे सोयीचे होते, एवढेच.

धुणाऱ्याच्या, यंत्र चालविणाऱ्याच्या श्रमाचे मोल जरूर घ्यावे. डोळ्याचे मोल मात्र त्यात मिसळू नये. आणि ज्या गावातून डोळे दिले गेले, तेथल्या शेतमजुराला उद्या तेच छापील पटल परवडले नाही, तर ते दान मधल्यामध्ये कोणीतरी विकले, असेच आम्ही म्हणू.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात. घरात रडारड चालू असताना आप्तांपुढे कागद येतो आणि 'दुसऱ्याला दृष्टी मिळेल' एवढ्यावर सही होते. पटल रोपणास अयोग्य ठरल्यास ते संशोधनास किंवा शाईसाठी द्यावे काय, हा दुसरा प्रश्न त्याच कागदावर वेगळ्या ओळीत, स्वच्छ मराठीत छापलेला असावा. आणि त्याला 'नाही' म्हणणाऱ्या कुटुंबाचेही नेत्रदान तितक्याच आदराने स्वीकारले जावे.